पर्सेंटाइलचे पंचांग आणि मातृभाषेचा दाखला

जून उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी घरांतून एक वेगळेच पंचांग उघडले जाते. त्यात तिथी-वार नसतात, पर्सेंटाइल असतात. ‘त्र्याण्णव पडलेत, सांगलीला होईल काय?’ ‘शहाण्णव आहेत, पुण्यात चान्स कितपत?’ उत्तर द्यायला गल्लोगल्ली ज्योतिषी बसलेलेच आहेत. एकाच्या भाच्याला दोन वर्षांमागे ब्याण्णववर मिळाले, म्हणून तो छातीठोक हो म्हणतो. दुसऱ्याच्या पुतण्याचे पंच्याण्णववर हुकले, म्हणून तो मान हलवतो. विषयातले दोघांनाही सारखेच कळते.

गेल्या हंगामात मंडळाच्या कार्यालयात एक गृहस्थ आले. हातात महाराष्ट्राच्या कॅप फेरीची मागच्या वर्षीची यादी, एका ओळीवर पेनाने गोल केलेला. ‘ह्याचं होतंय की हो सर? ह्याच्यापेक्षा कमीवाल्यांना मिळालंय बघा.’ यादी खरी होती, कॉलेजही खरे होते. फक्त ज्या रकान्यावर बोट होते त्याच्या डोक्यावर ‘एलओपनएस’ असे छापले होते. पहिला एल म्हणजे मुलींसाठी राखलेल्या जागा. पोरासाठी बाप मुलींचा रकाना वाचत होता, आणि आठ दिवस घरात आनंद होता. आम्हांला हसू आले नाही. ती यादी वाचायला त्यांना कोणी शिकवलेच नव्हते, आणि ते काम आमचे होते.

त्या यादीतले प्रत्येक अक्षर बोलते. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण जागा, शेवटचा एच म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्यांसाठी, ओ म्हणजे हद्दीबाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्यस्तरावर. एकाच कॉलेजात, एकाच शाखेत या रकान्यांचे आकडे वेगळे असतात. आपला मुलगा कोणत्या रकान्यात बसतो हे त्याच्या उमेदवारीच्या प्रकारावर ठरते. ते माहितीपुस्तिकेत छापलेले असते, पण आपण माहितीपुस्तिका उघडत नाही, भाच्याला फोन करतो.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हेही दरवर्षी नव्याने सांगावे लागते. परीक्षेला तीन लाख मुले बसली असे धरले, तर शहाण्णव पर्सेंटाइलच्या मुलापुढे बारा हजार मुले उभी असतात. कटऑफ म्हणजे त्या वर्षी त्या जागेवर शेवटी शिरलेल्या मुलाचा आकडा, एवढेच. जागा वाढल्या, मुलांची पसंती एका शाखेकडून दुसरीकडे वळली की तो हलतो. २०२५ मध्ये इंजिनिअरिंगच्या कॅप फेऱ्या तीनांच्या चार झाल्या. मग तीन फेऱ्यांच्या काळातला शेवटचा आकडा घेऊन यंदाचे भविष्य कसे सांगणार? डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांचे तर विचारूच नये. त्यांच्या जागांत पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागांची भर पडते, म्हणजे गेल्या साली कोणी कोणते कॉलेज नाकारले यावर यांचे नशीब.

आणि तयारीचे काय? आमची मुले पीयू करतात. कर्नाटकात पीयू विज्ञान शाखा एनसीईआरटीच्या पुस्तकांवर चालते. महाराष्ट्राची सीईटी मात्र महाराष्ट्र बोर्डाच्या अभ्यासक्रमावर, साधारण ऐंशी टक्के बारावीचा आणि वीस टक्के अकरावीचा भाग. प्रश्न दिसायला तेच, पण धड्यांचा क्रम आणि भर वेगळा. कर्नाटकाच्या सीईटीला इंजिनिअरिंगसाठी पीयूचे निम्मे गुण धरतात, महाराष्ट्रात बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते. म्हणजे एकाच पोराने दोन राज्यांच्या दोन वेगळ्या तराजूंवर एकाच उन्हाळ्यात चढायचे. हे जमवणारी मुले आहेत, त्यांचे आम्हांला कौतुक आहे. पण बरेच पालक दहावीनंतर दोन वर्षे गप्प बसतात आणि निकालाच्या दिवशी ‘महाराष्ट्र आपलाच आहे, काहीतरी होईल’ म्हणतात. हे ‘काहीतरी होईल’ आमच्या मुळावर आलेले आहे.

हे वाक्य कुठून येते ते आम्हांला ठाऊक आहे. ते सीमाभागाच्या राखीव वाटेतून येते. महाराष्ट्राने सीमाप्रश्न सोडलेला नाही याची जी थोडी रोकडी खूण आमच्या हाती आहे, त्यातली ही एक. इंजिनिअरिंगला उमेदवारीचा ‘ई’ प्रकार आहे, वैद्यकीयला मूठभर जागा आहेत. वादग्रस्त सीमाभागात राहणारा, तिथल्याच मान्य संस्थेत शिकलेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी त्यासाठी चालतो. १९५६ पासून तीन पिढ्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले, त्याची ही छोटी मिळकत. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, २७ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांचा ठराव एकमताने केला. ठरावाने पोराला वसतिगृह मिळत नाही. ‘ई’ प्रकाराने मिळते.

म्हणूनच या वाटेवर कोण चालतो आहे ते पाहिले पाहिजे. अट माध्यमाची नाही, मातृभाषेची आहे, आणि मातृभाषा दाखल्यावर ठरते. दाखल्यासाठी आमच्याकडे येणारी मुले आम्ही पाहतो. काही खानापूरच्या आडगावातून, मराठी शाळेत दहावी करून, पीयूला इंग्रजीशी झगडून आलेली असतात. काहींना ‘अर्जात मातृभाषा स्वतःच्या हाताने मराठीत लिही’ म्हटले की ती आईकडे पाहतात. एका मुलाने ‘मराठी’तला ठ उलटा काढला. घर जुने, आजोबा सत्याग्रही, आडनाव आम्ही आदराने घेतो. तो मुलगा हुशारही होता. पण त्या जागेवर त्याचा हक्क आणि आडगावच्या मुलाचा हक्क सारखा आहे, असे म्हणायला आमची जीभ वळत नाही.

इथे शेजाऱ्याकडून शिकावे, मग तो शेजारी आमच्यावर फलक रंगवायची सक्ती करणारा का असेना. कर्नाटक सरकारने आपल्या सीईटीत गडीनाडू आणि होरनाडू कन्नडिगांसाठी दार ठेवले आहे. गडीनाडू म्हणजे सीमेपलीकडचे. त्यांच्या नियमांत आपलेच दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज हे तालुके आहेत, केरळातला कासरगोडचा भाग आहे. कन्नड, तुळू किंवा कोडव मातृभाषा असलेली तिथली मुले त्या दाराने जाऊ शकतात. पण दारात परीक्षा प्राधिकरण कन्नडची परीक्षा घेते. लिहिता-वाचता आले तर आत. जतचा मुलगा बेंगळुरूच्या जागेसाठी कन्नड गिरवतो. आणि आमचा मुलगा मुंबईच्या जागेसाठी काय गिरवतो? दाखल्यावरचा शिक्का.

आमची मागणी अशी, की महाराष्ट्र सरकारने सीमाभागाच्या उमेदवारांसाठी मराठीची एक साधी लेखी परीक्षा ठेवावी. उतारा वाचावा, दहा ओळी लिहाव्यात, एक पत्र लिहावे. त्याचे गुण गुणवत्तायादीत धरू नयेत, नुसते उत्तीर्ण व्हावे. केंद्र कोल्हापुरात किंवा चंदगडला असावे, मुंबईला नको. शिवाय सीमाभागातून दरवर्षी किती अर्ज आले, किती पात्र ठरले आणि शेवटचा प्रवेश कुठल्या आकड्यावर झाला, हे एका पानावर छापून मिळावे. असे पान आजवर आमच्या हाती पडलेले नाही. ते मिळाले तर निम्मे ज्योतिषी घरी बसतील.

यावर घरच्याच मंडळींचा आक्षेप येणार, आलाही आहे. कर्नाटकाने २०१५ च्या कायद्याने कन्नड शिकणे सक्तीचे केले, इंग्रजी शाळेत मराठीला जागाच उरली नाही, मग दोष मुलांना का? कायदा आहे हे खरे. त्याविरुद्ध आम्ही लिहिले आहे, पुढेही लिहू. पण त्या कायद्याने घरात मराठी पुस्तक ठेवायला बंदी केलेली नाही. बेळगावात सार्वजनिक वाचनालय आहे, गावोगाव वाचनालये आहेत, त्यांचे नवे सभासद मोजायला एका हाताची बोटे पुरतात. मराठी शाळा बंद पडली की मोर्चाला आपण पुढे असतो. त्या मोर्चातल्या किती जणांची नातवंडे त्या शाळेत होती, हा प्रश्न आम्ही एकदा कार्यकारिणीत विचारला. चहा लवकर आला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सरकारच्या हाती परीक्षा दिली तर उद्या ते तिच्या आडून वाटच बंद करतील, असे जुने कार्यकर्ते म्हणतात. ही भीती आम्ही उडवून लावत नाही, मुंबईच्या आश्वासनांचा अनुभव आमच्याही गाठीशी आहे. पण वाट बंद करायला निमित्त हवेच असेल, तर मराठी न येणारी ‘मराठी’ मुले हे त्याहून मोठे निमित्त आहे. एखाद्याने न्यायालयात जाऊन दोन दाखले पुढे ठेवले आणि विद्यार्थ्याला वाचायला सांगितले, तर आमचा वकील काय बोलणार?

मराठी शाळेतून आलेल्या मुलाला या परीक्षेची भीती नाही. दहा वर्षे ज्या भाषेत तो शिकला ती पहिल्यांदाच त्याला पुढच्या दारात उपयोगी पडेल. आज त्याचे आईबाप विचारतात, मराठी शाळेत घालून काय मिळाले? आमच्याजवळ उत्तर नसते, इतिहास असतो.

हा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. विरोध असणाऱ्यांनी जरूर यावे आणि आपले म्हणणे लेखी, मराठीत द्यावे. पीयूच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांच्या पालकांसाठी त्याच दिवशी सभेआधी तासभर कटऑफची यादी वाचून दाखवू. यादी आणि माहितीपुस्तिका आम्ही ठेवू, चष्मा आपला आणावा.