स्वमग्न कोण?

‘ऑटिझम’ या शब्दासाठी मराठीने ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द स्वीकारला. ग्रीक भाषेत ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’. तेव्हा भाषांतर चुकले असे म्हणता येणार नाही. परंतु शब्द कधीकधी निवाडाही देऊन टाकतो. जे मूल स्वतःतच मग्न, त्याला सवंगडी कशाला हवा, असे आपण सोयीस्करपणे गृहीत धरले. आणि मधल्या सुट्टीत भिंतीकडेला एकट्याने डबा खाणारे मूल पाहून ‘त्याला असेच आवडते’ अशी समजूत घालून मोकळे झालो. हा निवाडा आम्हांला मान्य नाही.

काहींना एकांत खरोखरच प्रिय असतो आणि तो त्यांना मिळायलाच हवा. पण पुष्कळांना मैत्री हवी असते. तिच्याकडे जाणारी वाट मात्र सापडत नाही. आपल्या खेळांचेच पाहा. राज्य कुणावर, बाद केव्हा, कुणाची थट्टा कितपत चालते, हे सारे नियम कुणी न सांगता पाळले जातात. ज्याला अध्याहृत गोष्टी उमगत नाहीत, तो मुलगा पहिल्याच डावात हसण्याचा विषय होतो आणि दुसऱ्या डावाला त्याला कुणी बोलावीत नाही.

यावर आपल्या शाळांचे उत्तर ठरलेले : ‘आधी त्याला मिसळायला शिकवा, मग पाठवा.’ मग आईवडील त्याला घेऊन उपचारकांकडे खेटे घालतात. तेथे तो डोळ्यांत पाहून ‘नमस्कार’ म्हणण्याचा सराव करतो. असे मार्गदर्शन निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच्या नमस्काराला प्रतिसाद द्यायला वर्गातल्या मुलांना कोण शिकवणार?

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. अमेरिकेत कॉनी कसारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वसाधारण शाळांतील ६० स्वमग्न मुलांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला. काही मुलांना स्वतंत्रपणे शिकवले गेले, तर काहींच्या बाबतीत त्यांच्या वर्गमित्रांनाच तयार केले गेले. वर्गमित्र तयार झाले तेथे ती मुले मैदानावर कमी एकटी पडू लागली आणि अधिक वर्गबंधू त्यांचे नाव मित्र म्हणून सांगू लागले. त्याच वर्षी डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने मांडले, की न उमगणे हे दोन्ही बाजूंचे असते. जितके त्यांना आपण कळत नाही, तितकेच ते आपल्याला कळत नाहीत. असे असता दुरुस्ती मात्र एकाच बाजूची, हा कोणता न्याय?

‘वर्ग गच्च भरलेले, त्यात शिक्षकांनी आणखी काय काय करावे?’ हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. शिक्षकांवरील भार खरा आहे. पण येथे मागणे थोडके आहे. दोन-तीन समंजस वर्गमित्रांना विश्वासात घ्यावे. खेळाचे नियम मोठ्याने सांगावेत. कॅरम वा बुद्धिबळासारखा, ज्यात काय करायचे हे ठरलेले असते असा खेळ मधल्या सुट्टीत मांडावा. घंटा व गलका ज्याला सोसत नाही, त्याला शांत कोपरा द्यावा. डोळ्याला डोळा भिडवण्याची सक्ती करू नये. खाली पाहणारे मूलही ऐकत असते.

शिवाय ही शाळेची कृपा नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा स्वमग्नतेचा नामनिर्देश करतो आणि शासनमान्य वा अनुदानित शाळांत भेदभावाविना प्रवेश सांगतो. एवढ्यावर न थांबता तो शैक्षणिक विकासाबरोबर सामाजिक विकासालाही आधार देण्यास सांगतो. हजेरीपटावर नाव चढवले की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांनी हे कलम पुन्हा वाचावे.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. वर्षभर एकाच वर्गात बसून ज्यांना त्या मुलाला काय आवडते हे ठाऊक नसते, ते चाळीस-पन्नास सोबती आणि त्यांचे आपण वडीलधारे, या साऱ्यांना काय म्हणावे? स्वमग्न हा शब्द आम्हांला तेथे अधिक शोभून दिसतो.