पत्र्यावर पत्रा



जुनी फियाट 'नवी' करून देणारे मिस्त्री आता गावोगाव भेटतात. चांगली गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी निघणं तर त्याच्याही कितीतरी आधी बंद झालं. तेव्हा ज्या उरल्यात त्या जपायलाच हव्यात. माझं भांडण आहे ते गंजका पत्रा काढायच्या पद्धतीशी. गॅस कटरने उडवायचा, नाहीतर छन्नी घालून फाडायचा, वर नवा पत्रा ठोकायचा आणि लांबी भरून रंग मारायचा. याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. जीपला खाली वेगळी चासी असते, हिला ती नाही. तळ, दाराखालच्या पट्ट्या, खांब आणि छत मिळून जो सांगाडा होतो, तोच हिचा कणा. हे सगळे पत्रे बहुतेक करून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. तांब्याच्या दोन टोकांमध्ये दोन पत्रे दाबून धरायचे आणि क्षणभर मोठा वीजप्रवाह सोडायचा. पत्र्याला पत्रा टेकतो तिथेच धातू वितळतो आणि टिकलीएवढा सांधा बसतो. बाहेरून काहीही ओतलेलं नसतं.

म्हणूनच हा सांधा सोडवताही येतो. रंग खरवडला की टिकलीचा खळगा दिसतो. त्यावर पंच मारायचा आणि स्पॉट वेल्ड काढायच्या खास कटरने फक्त वरचा पत्रा कोरायचा. मग पातळ छन्नीने हलकेच ठोकत कड उचलायची. खालचा पत्रा शाबूत राहतो आणि नव्याला बसायला मूळची कड मिळते. नव्या पत्र्याला भोकं पाडून त्यातून वेल्डिंग भरलं की काम झालं. त्याआधी दारांच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे टाकून सांगाडा बांधून घ्यायचा आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. नाहीतर पट्टी काढताच गाडी मधे बसते आणि दारं लागेनाशी होतात.

गॅसच्या आगीने खालचा पत्रा वाकडा होतो, कड जळते. गंजावरच नवा पत्रा मारला तर दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते आणि गंज आतून चरत राहतो. वरून गाडी आरशासारखी. धडक बसेल तेव्हा मात्र आतल्या माणसांना लांबी वाचवणार आहे का?

माझ्या पुतण्याला एका मिस्त्रींनी "चार दिवसांत गाडी घेऊन जा" असा शब्द दिलाय. मी हे सगळं सांगितलं तर म्हणतो, "तात्या, एवढे शेकडो टाके कोण कोरत बसणार? पैसे किती जातील!" प्रश्न रास्त आहे. पूर्ण सडलेल्या पट्टीचा मधला भाग सांध्यापासून इंचभर अंतर ठेवून ग्राइंडरने कापा, माझी ना नाही. कडेचे टाके तेवढे कोरून काढा. शिवाय हे पत्रे आता कारखान्यातून येत नाहीत, हाताने घडवावे लागतात. अख्खी निघालेली जुनी पट्टी हाच त्याचा नमुना. तिच्या चिंध्या केल्यावर मिस्त्री माप कशाचं घेणार?

दोष एकट्या मिस्त्रींचा नाही. आपण कामाचा ठोक भाव ठरवतो, लग्नाची तारीख सांगतो आणि चकाकी बघून पैसे देतो. मग त्यांनी दिवसभर टाके का कोरावेत? आमच्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेताना कोणी शिंगांचा रंग बघून पैसे मोजत नाही. जबडा उघडून दात बघतात, चालवून खूर बघतात. गाडीच्या बाबतीतच ही अक्कल कुठे जाते?

सरकारलाही हे कळलंय. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी हवी तर गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी एकेक करून आता त्या वयाला पोचताहेत. नेमक्या याच वेळी आपण त्यांचा सांगाडा कापायला निघालोय!

तेव्हा ज्यांच्या अंगणात अशी गाडी उभी आहे त्यांना हात जोडून सांगणं आहे. पत्रेकामाचे पैसे रोजावर द्या. लांबीचा पहिला हात बसण्याआधी स्वतः जाऊन उघडे सांधे बघा आणि फोटो काढून ठेवा. मिस्त्री दाखवायला तयार नसतील तर गाडी तशीच गंजकी घरी आणा. गंजकी गाडी उद्या दुरुस्त होईल, चुकीची कापलेली होणं फार अवघड.