१२० चौरस फुटांच्या खोलीला किती टनांचा पोर्टेबल एसी? खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका

पुण्यात हिंजवडी किंवा हडपसरला भाड्याने राहणाऱ्या अनेकांची एप्रिलमधली अडचण सारखीच असते. खोली पश्चिमेला, डोक्यावर गच्ची आणि भिंतीला भोक पाडायला घरमालकाचा नकार. मग चाकांवरचा पोर्टेबल एसी हाच मार्ग दिसतो. कॉपर पाइप नको, मेकॅनिक नको, घर बदलले की सोबत नेता येतो. दुकानात हिशेबही सोपा सांगितला जातो : १०० ते १२० चौरस फुटांना १ टन, १५० ते १८० ला दीड टन.

हा हिशेब स्प्लिट एसीचा आहे. पोर्टेबलला तो जसाच्या तसा लावला, तर स्प्लिटइतके किंवा त्याहून जास्त पैसे मोजूनही मे महिन्यातल्या रात्री घाम पुसत बसावे लागते.

मुळात टन म्हणजे काय?

एसीच्या टनाचा यंत्राच्या वजनाशी संबंध नाही. एक अमेरिकी टन, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याचा हा वेग आहे. आकड्यात सांगायचे तर ताशी १२,००० बीटीयू किंवा सुमारे साडेतीन किलोवॉट.

स्प्लिटचा गरम भाग सज्जावर किंवा गच्चीवर असतो आणि तो बाहेरच्याच हवेने थंड होतो. पोर्टेबलमध्ये कॉम्प्रेसर, कंडेन्सर सगळे खोलीतच. एका नळीचे यंत्र खोलीतलीच हवा ओढते, कंडेन्सरवरून फिरवून तापवते आणि खिडकीतून बाहेर फेकते. जेवढी हवा बाहेर गेली, तेवढीच दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून, स्वयंपाकघरातून आत येणार. म्हणजे यंत्र एका बाजूने खोली थंड करते आणि दुसऱ्या बाजूने बाहेरचा उकाडा आत ओढते.

हे नुकसान किरकोळ नाही. ताशी ३०० घनमीटर हवा बाहेर जाते असे धरू. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंचीच्या खोलीत जेमतेम ३४ घनमीटर हवा मावते. म्हणजे तासात खोलीची हवा जवळपास नऊ वेळा बदलते. बाहेर ४० अंश आणि आत २६ अंश हवे असतील, तर नुसती ही आलेली हवा थंड करायला सुमारे १.३ किलोवॉट खर्ची पडतात. एक टनातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा तिथेच गेला.

मुंबईत तापमान कमी, पण हिशेब आणखी बिघडतो. बाहेर ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना आत २६ अंश आणि ५० टक्के ठेवायचे, तर एवढ्याच हवेतून ताशी सुमारे ४ लिटर पाणी काढावे लागेल. एवढ्या बाष्पाचे पाणी करण्यातच पाऊण टनाहून अधिक क्षमता संपते. त्यामुळे प्रत्यक्षात यंत्र तिथवर पोहोचतच नाही. खोली थोडी गार होते, चिकचिक राहते.

दोन आकडे, एक खोके

अमेरिकेत २०१७ पासून पोर्टेबल एसीच्या खोक्यावर जुन्या आकड्यासोबत दुसरा, सुधारित आकडाही दिसतो. त्यात बाहेरून ओढलेली गरम हवा आणि तापलेल्या नळीतून आत येणारी उष्णता वजा केलेली असते. जुन्या पद्धतीने १४,००० बीटीयू म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांचा हा सुधारित आकडा ८ ते १० हजारांच्या आसपास असतो. आपल्याकडच्या जाहिरातींत मात्र मोठ्या अक्षरात एकच आकडा झळकतो : १ टन. ग्राहकाने तो स्प्लिटच्या १ टनाशी ताडून पाहणे साहजिकच आहे आणि गफलत तिथेच होते.

तेव्हा खोक्यावरच्या आकड्याचा दोन तृतीयांश भाग खरा धरावा. १ टनाचा पोर्टेबल ७० ते ८० चौरस फुटांच्या खोलीला ठीक. १०० ते १२० चौरस फुटांसाठी दीड टनाचा, तोही खोली मधल्या मजल्यावर असेल आणि उन्हाची भिंत नसेल तर. १५० चौरस फुटांच्या पुढच्या किंवा गच्चीखालच्या खोलीसाठी योग्य मापाचा पोर्टेबल जवळपास नाहीच, हे दुकानदाराने आधी सांगायला हवे. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. त्यात खोलीत चौघे राहत असतील, तर बसलेल्या प्रत्येक माणसाची साधारण १०० वॉट उष्णता मिळवायची. लॅपटॉप, टीव्ही वेगळेच.

‘मग दोन टनांचा घेऊ’ हाही उपाय नाही. मोठ्या यंत्राला कंडेन्सर थंड ठेवायला जास्त हवा लागते, म्हणजे बाहेरचा उकाडाही जास्त ओढला जातो. दोन नळ्यांचे मॉडेल मिळाले तर मात्र जरूर घ्यावे. त्यात कंडेन्सरसाठी हवा बाहेरूनच येते आणि वरची कटकट बरीचशी टळते.

नळीकडेही लक्ष हवे. ती जेवढी लांब आणि वाकडी, तेवढी खोलीतच तापणार. सोबत मिळणारी पट्टी सरकत्या खिडकीच्या मापाची असते. जुन्या घरांतल्या झडपांच्या खिडकीला प्लायवूड किंवा अ‍ॅक्रेलिकचा तुकडा कापून घ्यावा लागतो. खिडकीच्या जाळीला नळी टेकवून ठेवणे म्हणजे वीजबिल भरून खोली गरम करणे. कोकणपट्टीत पाण्याची टाकीही लवकर भरते आणि यंत्र बंद पडते, म्हणून निचऱ्याचा पाइप काढायला जागा आहे का ते आधी पाहावे. आवाजाचे तर बोलायलाच नको. कॉम्प्रेसर उशाशी असतो.

ऑनलाइन हजार-दोन हजारांत दिसणारे ‘मिनी पोर्टेबल एसी’ या चर्चेत येतच नाहीत. गरम हवा बाहेर टाकणारी नळी नसेल तर तो एसी नाही, पाण्याची टाकी लावलेला पंखा आहे. विदर्भात कोरड्या मे महिन्यात त्यापेक्षा साधा वाळ्याचा किंवा हनीकोम्बचा कूलर कितीतरी जास्त काम करतो. अकोला-नागपूरकरांना हे सांगायची गरज नाही. तिथे ३५-४० हजारांचा पोर्टेबल घेण्यापूर्वी कूलरच पुरतो का ते पाहावे. आर्द्रता वाढल्यावर, जूनमध्ये, त्याचाही जोर संपतो.

राहिला प्लगचा प्रश्न. दीड टनाचा पोर्टेबल दीड किलोवॉटहून अधिक वीज घेऊ शकतो. ६ अँपिअरचा सॉकेट साधारण १.४ किलोवॉटपर्यंतचा. भाड्याच्या अनेक घरांत १६ अँपिअरचा सॉकेट फक्त गिझरसाठी, बाथरूममध्ये असतो. एक्स्टेंशन बोर्डावर एसी चालवणे हा वायर तापवण्याचा प्रकार आहे. म्हणजे नवी वायर ओढावी लागणार आणि त्यासाठी घरमालकाला विचारावेच लागणार. विचारायचेच आहे, तर त्याच फोनमध्ये विंडो एसीचेही विचारून घ्यावे. त्याला भिंत फोडायची गरज नसते, खिडकीची चौकट आणि आधाराला लोखंडी स्टँड पुरतो, आणि त्याच्या १ टनातून दोन तृतीयांश नव्हे, जवळपास १ टनच मिळतो. खिडकीची ग्रिल काढावी लागली, तर ती घर सोडताना परत बसवून देण्याचे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्यावे.