यंत्रांच्या दुनियेत : मोटारसायकलचे गुडघे

बालमित्रांनो, ओट्यावरून उडी मारताना आपण काय करतो? जमिनीला पाय टेकले की गुडघे आपोआप वाकतात. ते ताठ राहिले, तर दणका थेट डोक्यापर्यंत जाईल! मोटारसायकललाही असे गुडघे असतात. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, सीटखाली, स्प्रिंग बसवलेल्या दोन नळ्या दिसतात ना? तेच ते. पुस्तकात त्यांना शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणतात. गॅरेजमधले मेकॅनिककाका म्हणतात 'शॉकअप'. काही गाड्यांना दोनाऐवजी मधोमध एकच असतो. तो मोनोशॉक.

गंमत म्हणजे, जुन्या मोटारसायकलींना मागे गुडघे नसायचेच! चाक सांगाड्याला पक्कं बांधलेलं आणि दणके सोसायला सीटखाली स्प्रिंगा. १९४९ च्या सुमारास आलेल्या बुलेटमध्ये मागचं चाक धरणारा लोखंडी चिमटा वरखाली हलू लागला आणि त्याला शॉकअप जोडले गेले. १९५५ पासून ही बुलेट मद्रासला तयार होऊ लागली. पुढे १९६१ मध्ये मुंबईच्या मुलुंडमध्ये गॅब्रिएल इंडिया ही शॉकअप बनवणारी कंपनी सुरू झाली. आपल्या नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतही तिचा कारखाना आहे!

आता शॉकअपच्या पोटात डोकावू. तिथे दोघंजण काम करतात : स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग वजन पेलते आणि दणका झेलते. पण ती एकटी असती, तर एका खड्ड्यानंतर गाडी बेडकासारखी उड्या मारत राहिली असती. तिला आवरतं ते तेल. हे कसं, ते घरीच पाहा. सुई नसलेली नवी प्लॅस्टिकची सिरिंज घ्या, पाणी भरा आणि दांडा हळू दाबा. सहज जातो. आता जोरात दाबा. दांडा अडून बसतो! कारण बारीक भोकातून पाण्याला घाईघाईने जाता येत नाही. शॉकअपमधलं तेलही असंच बारीक भोकांतून जातं आणि स्प्रिंगची उसळी मोडतं. खड्ड्याचा जोर तेलात उष्णता होऊन विरतो. म्हणूनच खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो.

पाठीला दणका बसू नये, एवढंच याचं काम नाही बरं का! चाक रस्त्याला चिकटून राहिलं तरच ब्रेक लागतो आणि गाडी वळते. उड्या मारणारं चाक हवेत असेल, तेव्हा ब्रेक दाबून काय उपयोग?

समजा, आई-बाबा दोघं सामान बांधून नाशिकहून सप्तशृंगगडाला निघाले. रोज बाबा एकटे जातात, आज वजन जवळजवळ दुप्पट. गाडी मागून बसते. नांदुरीहून गडाचा घाट चढताना पुढचं चाक हलकं पडतं, वळणावर गाडी जड वाटते. रात्री तर हेडलाइट वर जाऊन समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत पडतो. असं झालं की पुष्कळ जण म्हणतात, 'नवे भारी शॉकअप टाकू या.' थांबा! आधी मोजू या.

टेप धरायचं काम तुमचं. इंजिन बंद, सायलेन्सर थंड आणि जमीन सपाट हवी. टायरमधली हवा आधी तपासा. गाडी डबल स्टँडवर लावली की मागचं चाक अधांतरी राहतं. चाकाच्या मध्यापासून सरळ वर, सीटखाली एक खूण करा आणि अंतर मोजा. समजा, ५४ सें.मी. भरलं. मग गाडी खाली उतरवून आई-बाबांना सामानासकट बसू द्या आणि पुन्हा मोजा. ५० भरलं, तर गाडी ४ सें.मी. दबली. चाक एकूण किती वरखाली जातं, ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. ते १२ सें.मी. असेल, तर ४ म्हणजे एक तृतीयांश. छान! साधारण पाव ते एक तृतीयांश दाब योग्य. पण ४८ भरलं, तर निम्मे गुडघे आधीच वाकलेले. मोठ्या खड्ड्यासाठी काय उरलं?

अशा वेळी स्प्रिंगच्या टोकाची पायऱ्यांची रिंग कामी येते. पुष्कळ गाड्यांना पाच पायऱ्या असतात. बाबा किंवा मेकॅनिककाका खास पान्याने ती एकेक पायरी वर घेतील. दोन्ही बाजूंना पायरी सारखीच हवी. बोटं चिमटतात, म्हणून तुम्ही हात लावू नका. रिंग फिरवून स्प्रिंग कडक होत नाही हं. ती आधीच थोडी दाबली जाते, म्हणून गाडी उंच उभी राहते. परत आल्यावर रिंग पुन्हा पहिल्या जागी!

मग नवे शॉकअप कधी घ्यायचे? शेवटच्या पायरीवरही गाडी फार दबत असेल, तर सामान कमी करायचं. ते जमत नसेल, तर जास्त ताकदीची स्प्रिंग. शॉकअपमधून तेल गळत असेल किंवा सीट दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा हिंदकळत असेल, तर मात्र जोडीच बदलायची. नवे शॉकअप त्याच लांबीचे हवेत. लांब घेतले, तर गाडीचा तोलच बदलतो. लांबच्या प्रवासाच्या काही शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरतात, म्हणजे घाटात तेल तापलं तरी त्याला फेस येत नाही.

आणि हो, कितीही भारी शॉकअप लावला, तरी गाडीवर तिसरा माणूस बसवायची मुभा मिळत नाही! कायद्याने चालकामागे एकच जण बसू शकतो.

तर या रविवारी टेप, वही, पेन्सिल घ्या आणि आकडे लिहून ठेवा. जाता जाता एक कोडं : मागच्या शॉकअपची स्प्रिंग दिसते, पण बहुतेक मोटारसायकलींच्या पुढच्या शॉकअपची दिसत नाही. मग ती लपलीय कुठे? उत्तर पुढच्या अंकात!