न दिसणारी धूळ

आठवीच्या तासाला एकाने विचारले, "सर, नॅनो म्हणजे किती बारीक?" मी सांगितले, मीटरचे शंभर कोटी भाग केले की त्यातला एक नॅनोमीटर. तो म्हणाला, "म्हणजे अब्बांच्या कपड्यांवरच्या धुळीपेक्षाही?" त्याचे अब्बा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला आहेत.

पोराने नेमके विचारले. साच्याच्या वाळूतली सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली की फुप्फुसे निकामी होतात. नॅनो कण त्याहून कितीतरी सूक्ष्म. २०२१ पासून नॅनो युरिया शेतात आला आहे. शेती व अन्नातील अशा उत्पादनांच्या तपासणीसाठी केंद्राची मार्गदर्शिका २०२० चीच आहे. पण फवारणी करणाऱ्यापर्यंत ती पोहोचली का?

अॅस्बेस्टॉसच्या कामगारांसाठी अहमदाबादची एक ग्राहक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९५ मध्ये निकाल लागला: कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग. निकाल मोलाचा, पण तोवर अनेकांच्या छातीत ती धूळ बसली होती.

नॅनोबाबत असा उशीर नको. कामगार संघटना, ग्राहक पंचायत, बचत गट यांना नियम ठरतानाच बोलवायला हवे. आपल्याकडे शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञान शिकवले जाते. तिथल्या प्राध्यापकांना पुलाची शिरोलीच्या ग्रामसभेत बोलवूया आणि तीन गोष्टी विचारूया: यात कोणते कण आहेत? त्यांची तपासणी कुणी केली? हाताळणाऱ्याने काय काळजी घ्यायची?

विचारायला पदवी लागत नाही. आठवीतल्या पोरानेही विचारलेच की.