परीक्षक फाटकाबाहेरचा हवा

उद्योगांशी भागीदारी करून तरुणांस प्रत्यक्ष कामावरच शिक्षण द्यावे, या मताच्या समर्थनार्थ हल्ली मुंबईच्या गिरणगावाचा दाखला मोठ्या हौसेने पुढे करण्यात येतो. कोकणातून वा घाटावरून डिलाईल रोडच्या चाळीत उतरलेला मुलगा कोणत्याही विद्यालयाची पायरी न चढता साचेखात्यात उभा राहिला आणि पाहता पाहता कसबी विणकर झाला. सबब कारखाना हाच श्रेष्ठ गुरू असून, सरकारने अभ्यासक्रम व परीक्षा यांची लुडबूड न करता मुले त्याच्या स्वाधीन करावीत, असा हा पूर्वपक्ष आहे.

यातील अर्धा भाग निःसंशय खरा आहे. तुटलेला धागा हेरून तत्क्षणी साचा थांबवण्याचे कसब फळ्यावर शिकवता येत नाही. परंतु ते शिकण्याची संधी मिळत होती कोणाच्या मेहेरबानीने? कामावर घेणारा, काम पाहणारा आणि कामावरून काढणारा बहुधा एकच, तो म्हणजे जॉबर. आणि त्याची दस्तुरी पोहोचवल्याविना अनेकांना खात्यात शिरकाव मिळत नसे. १९३५ मध्ये बदली, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी येणाऱ्या, कामगारांच्या नोंदणीची तजवीज करावी लागली, ती या मनमानीस आवर घालण्यासाठी. शिवाय मालकास एका खात्यापुरता साचेवाला हवा होता, यंत्राचे सर्वांग जाणणारा कारागीर नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर जेव्हा एकामागून एक गिरण्यांची फाटके मिटली, तेव्हा हजारो हातांत कसब उरले, पण फाटकाबाहेर त्याची साक्ष देईल असा कागद बहुतेकांपाशी नव्हता. कापडधंदाच बसला तेथे कागद काय करणार, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण एकाच खात्याशी जखडलेल्या शिक्षणाचा दोष त्याने झाकला जात नाही.

याच डिलाईल रोडलगतच्या रेल्वेच्या लोअर परळ कारखान्यात वेगळी रीत दिसते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये शिकाऊ उमेदवाराचा करारनामा नोंदवावा लागतो, सरकारी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीवाचून त्यास जादा काम देता येत नाही आणि त्याच्या फिटर वा वेल्डरच्या कामाची परीक्षा व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या मानकांनुसार होते. त्या प्रमाणपत्रावर त्याला दुसऱ्या कारखान्याचे दारही ठोठावता येते.

उलट बाजूस काही कामगारहितैषी या सर्व व्यवस्थेस स्वस्त मजुरीचा बहाणा ठरवतात. हाच कायदा उमेदवारास कामगार मानत नाही, हे पाहता त्यांची शंका अगदीच निराधार नाही. तथापि मुलांना कारखान्याबाहेर ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे. ज्यांचे नाव आज डिलाईल रोडला आहे, त्या ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापून कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या आणि पुढे कामगार संघटनाही उभारल्या. त्यांना शिक्षण आणि हक्क यांत विरोध दिसला नाही.

आज गिरण्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्या आहेत, आणि शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने ऐच्छिक व्यवसायांचे स्वरूप ठरवण्याची मुभा मालकांस दिली आहे. दुकानाच्या गल्ल्यावर किंवा हॉटेलच्या मुदपाकखान्यात राबणाऱ्या उमेदवारास काय यावे हे मालकाने जरूर सुचवावे. ते आले की नाही, हे मात्र त्याच्या पगारावर नसलेल्या माणसाने ठरवावे. यास सरकारी जाच म्हणण्याचा अधिकार मालकांस नाही, कारण केंद्राच्या २०१६ च्या शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, ठराविक मर्यादेत, सरकारी खजिन्यातून देण्याचे मान्य केले. आणि ज्या खजिन्यातून पैसा जातो, त्याला आपला परीक्षक पाठवण्याचाही अधिकार आहे.