शंभर टक्के कशाचे?

दहावीचा फलक बघून हायस्कूल ठरवणाऱ्या सातारा जिल्ह्यातल्या पालकांसाठी



दहावीचा निकाल लागला की आठ दिवसांत एसटी स्टँडसमोर, बाजारपेठेच्या कमानीवर, पेट्रोल पंपाच्या भिंतीला फलक चढतात. 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा.' खाली पहिल्या दहा मुलांचे फोटो आणि त्यांच्या डोक्यावर, त्यांच्या चौपट मोठा, अध्यक्षसाहेबांचा फोटो. मग जूनपर्यंत आपल्यात एकच चर्चा असते. लग्नाच्या पंगतीत, दूध डेअरीच्या रांगेत, मोबाइलच्या ग्रुपवर. "त्या शाळेत लय अभ्यास घेतात." "तिथं शिस्त कडक आहे." "तिचा निकाल अठ्ठ्याण्णवच लागला, तिथं नको." असं म्हणत आपण पोराचं दप्तर एका हायस्कुलातून उचलतो आणि दुसऱ्यात नेऊन ठेवतो.

आपण उसाच्या पट्ट्यातली माणसं. कारखान्याला ऊस घालताना काट्यावर आपला भरवसा नसतो. जमलं तर गाडी आधी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतो. उतारा कमी दाखवला असा नुसता संशय आला तरी वार्षिक सभेत उठून विचारतो. पण शाळेच्या फलकावर शंभरचा आकडा दिसला की आपल्यातलं कुणीही विचारत नाही, की हे शंभर टक्के कशाचे?

ते आहेत परीक्षेला बसलेल्या मुलांचे. शाळेत आलेल्या मुलांचे नव्हेत. सगळी गोम एवढ्यातच आहे.

हिशेब मांडून बघा. समजा एका हायस्कुलात आठवीला १२० मुलं होती. दहावीच्या परीक्षेला त्यातली ९० बसली आणि ९० पास झाली. फलकावर लागलं १०० टक्के. दुसऱ्या हायस्कुलात आठवीला ११० होती, दहावीला १०६ बसली, ९७ पास झाली. निकाल ९१.५१ टक्के. आपण पहिल्या शाळेपुढं रांग लावली आणि दुसरीला नाक मुरडलं. आता भागाकार आठवीच्या पटानं करा. पहिली शाळा ७५ टक्क्यांवर येते, दुसरी ८८ च्या पुढं राहते. पहिल्या शाळेतली तीस मुलं कुठं गेली? ती कुठल्याच फलकावर नाहीत.

बरीचशी नववीत गळाली. नववी हीच का, तेही समजून घ्या. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो आहे सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन नापास करता येतं, पण आठवी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दहावीला बोर्ड असतं: पेपर बाहेर तपासले जातात, निकाल जाहीर होतो. मधली नववी मात्र पूर्ण शाळेच्या हातात. पेपर शाळेनं काढायचा, शाळेनं तपासायचा, निकाल शाळेनं लावायचा. कायद्याची छत्री मागं राहिलेली, बोर्डाचा डोळा अजून पुढं. छाटणी करायला याहून सोयीची जागा नाही.

ती कशी होते हे आमच्यापैकी एकानं एप्रिल महिन्यात ऑफिसातल्या बाकावर बसून अनुभवलं आहे. शाळेचं नाव लिहीत नाही. एका शाळेशी भांडण काढण्यासाठी हे पत्रक नाही.

"तुमच्या मुलाला दहावी झेपणार नाही."

"सर, हुशार नाही तो. पण रोज येतोय शाळेत."

"ते खरं हो. पण बघा, दाखला नेत असाल तर नववी पास करून देतो. इथंच ठेवायचा असेल तर मग नापास."

म्हणजे जो मुलगा दुसऱ्या शाळेसाठी पास आहे, तोच या शाळेसाठी नापास! गुण तेच, वही तीच, मुलगा तोच. बापानं दाखला घेतला. तो काय करणार होता? बाहेर पडताना त्याला तिसरी वाटही सांगितली गेली: सतरा नंबरचा फॉर्म भरा. ही सोय मुळात चांगली आहे. शाळा सुटलेल्या मुलाला, कामाला लागलेल्या मुलीला, संसारात पडलेल्या बाईला बाहेरून दहावी देता यावी म्हणून ती केलेली आहे. पण रोज वर्गात येणाऱ्या पोराला सतरा नंबरवर ढकलायचं कशासाठी? तर खाजगी विद्यार्थ्यांचा निकाल बोर्ड वेगळा मोजतं म्हणून. तो नापास झाला तरी फलकाला ओरखडा येत नाही.

आता शंभराची थोरवीही जरा तपासू. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला तो ७७.१० वर घसरला. २०२० ला ९५.३० वर चढला. एका वर्षात राज्यभरची पोरं ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असं नव्हे. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांचे शाळेनं द्यायचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते गुण परत आले, शिवाय करोनामुळं भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीनं दिले गेले. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. त्यानंतरही २०२५ पर्यंत राज्याचा निकाल दरवर्षी ९३ च्या वरच राहिला. विषयाला पासापुरते ३५ गुण लागतात. शाळेनं आपल्या हातातल्या २० पैकी १८ दिले, तर लेखीच्या ८० मधून १७ मिळवले की झालं.

पायरी एवढी खाली आणली आहे. तरीही काही मुलं ती चढणार नाहीत अशी शाळेला धास्ती वाटते, आणि म्हणून ती मुलं नववीतच उतरवली जातात. मग आठवी-नववीत त्यांना कुणी काय शिकवलं, हा प्रश्न शाळेला विचारायचा की पोराला?

आता कडू बोलतो. ही छाटणी शाळा करतात, पण त्यांना ती करायला लावतो आपण. एका मुख्याध्यापकांनी आम्हाला तोंडावर सांगितलं, "एक मुलगा नापास झाला तर फलकावर शंभर लिहिता येत नाही. पालक शेजारच्या शाळेत जातात. पट घसरला की तुकडी तुटते, तुकडी तुटली की माझा एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. मी एका पोराकडं बघू की माझ्या शिक्षकाकडं?" त्यांचं वागणं आम्हाला मान्य नाही. पण ते खोटं बोलत नव्हते. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं पटावर ठरतात, आणि पट ठरतो तुमच्या-आमच्या पायांनी. आपण शंभर मागतो. शाळा शंभर देते. त्या व्यवहारात जे पोर विकलं जातं ते यंदा शेजाऱ्याचं असतं. पुढच्या वर्षी आपलं असेल.

'कडक शाळा' हीसुद्धा आपलीच मागणी. रिबन लाल की पांढरी, केस किती बारीक, बूट कुठल्या दुकानातले, यावर शाळा कडक. छडी मारली तर अजूनही काही पालकांना बरं वाटतं. आठवीपर्यंतच्या मुलाला शारीरिक शिक्षा करायला किंवा मानसिक त्रास द्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे, तरीही. शाळेनं कडक असावं ते अपेक्षांत. आपल्याकडं मात्र अपेक्षा म्हटलं की 'एकवीस अपेक्षित' हा प्रश्नसंच आठवतो: येणारे प्रश्न पाठ करा, लिहा, सुटा. पण शाळेनं मुलाकडून ठेवायच्या अपेक्षा वेगळ्या असतात. समजलं नाही तर हात वर कर. उत्तर गाईडातलं नको, तुझं लिही. चुकलेलं गणित उद्या परत करून आण. आणि या अपेक्षा शेवटच्या बाकावरच्या पोराकडूनही ठेवायच्या, कारण ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याला कुणी रागावतही नाही. त्याला फक्त दाखला देतात.

कुणी म्हणेल, मग काय कुणाला नापासच करायचं नाही? करा. येत नसेल तर जरूर नापास करा. पण नापास करणं म्हणजे त्याला त्याच वर्गात बसवून, जे आलं नाही ते पुन्हा शिकवणं. हातात दाखला देऊन फाटकाबाहेर सोडणं म्हणजे शिकवायचं काम टाळणं. मुलानं अभ्यास चुकवला तर आपण त्याला बोलतो. शाळेनं आपला अभ्यास चुकवला तर तिलाही बोललं पाहिजे.

ज्या जिल्ह्यात हे चाललंय तो जिल्हा कुठला? १९१९ साली कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांचं बोर्डिंग निघालं. सगळ्या जातींची, खेड्यापाड्यांतली, घरात पाटी नसलेली पोरं एका पंगतीला बसून जेवायची आणि शिकायची. ज्यांना कुणी घेत नव्हतं त्यांना गोळा करण्यात त्या संस्थेचा मोठेपणा होता. शंभर वर्षांनी त्याच मातीत, कुणाला घेतलं नाही आणि कुणाला काढलं यावर शाळेचा मोठेपणा ठरावा, याची लाज शाळांच्या आधी आपल्याला वाटली पाहिजे.

म्हणून यंदा शाळांची तुलना जरूर करा, पण काटा बदला. प्रवेशाला जाल तेव्हा डोनेशन आणि बसभाडं विचारण्याआधी हे विचारा:

१. तीन वर्षांपूर्वी आठवीचा पट किती होता? त्यातली किती मुलं यंदा याच शाळेतून दहावीला बसली?

२. गेल्या वर्षी नववीत किती नापास झाले? नववीनंतर किती दाखले दिले? सतरा नंबरवर किती गेले?

३. नववीत मागं पडलेल्या मुलांसाठी जादा तास होतात का? कोण घेतं, कधी घेतं?

४. 'अ' तुकडीला गणित कोण शिकवतं आणि 'क' तुकडीला कोण?

५. कुठल्याही एका मुलाची तपासलेली वही दाखवाल का? पहिल्या नंबरची नको. मधली कुठलीही.

चौथा प्रश्न विसरू नका. शाळेची खरी नियत तिथं कळते. चांगला शिक्षक हुशार तुकडीला आणि नवा, तासिका तत्त्वावरचा शिक्षक शेवटच्या तुकडीला, अशी वाटणी असेल तर नववीत काय होणार ते जूनमध्येच ठरलेलं असतं.

उत्तर मिळालं नाही तर घाबरू नका. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. त्यावरून शाळेचा इयत्तावार पट सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, मोबाइलवर काढून देईल. अनुदानित शाळेत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. विनाअनुदानित शाळेची माहिती जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडं मागा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पट कमी झाला म्हणजे शाळेनं मुलं हाकललीच, असं नाही. कुणाच्या वडिलांची बदली होते. ऊसतोड टोळीबरोबर आलेली मुलं हंगाम संपला की परत जातात. काही मुलींची शाळा आठवीनंतर घरचेच बंद करतात, आणि तो दोष पूर्ण आपला. शाळेला खुलासा करू द्या. प्रामाणिक शाळेला या प्रश्नांचा राग येणार नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून तिला बरं वाटेल.

संस्थाचालकांना आमची मागणी एकच आहे. यंदाच्या फलकावर निकालाच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, तीन वर्षांपूर्वीचा आठवीचा पट छापा. जागा कमी पडली तर अध्यक्षसाहेबांचा फोटो थोडा लहान करा.

आणि पालकांनो, आपणही एक शब्द देऊ. सगळी मुलं दहावीपर्यंत नेऊन जी शाळा ९१ टक्के निकाल लावेल, तिला कमी लेखणार नाही. आपलं हुशार पोरही तिथंच घालू. तेवढं केलं नाही तर वरचं सगळं लिहिणं फुकट आहे.

हे पत्रक वाचून झालं की रद्दीत टाकू नका. शेजारच्या घरी द्या. खालची पट्टी कापून खिशात ठेवा, प्रवेशाला जाताना शाळेतच भरा, आणि भरलेली पट्टी चार पालकांना दाखवा.

आपलेच,
नववीत मुलं असलेले काही पालक

✂ - - - - - - - - - - - - - - -

शाळा : ....................
तीन वर्षांपूर्वी आठवीचा पट : ..........
त्यातले यंदा दहावीला बसलेले : ..........
पास झालेले : ..........
नववीनंतर दिलेले दाखले : ..........
सतरा नंबर : ..........
'क' तुकडीला गणित शिकवणारे शिक्षक किती वर्षं या शाळेत आहेत : ..........